सरपंचबाईला घेऊन केळझरला

लोक लांबलांबची मुलखं पाहून येतात आणि मग लिहितात. मी समुद्रपूरहून केळझरला जाऊन आलो. जिल्ह्याच्या या टोकावरून त्या टोकाला, बस इतकंच. याच रस्त्यांवर मी सारी उमर एसटी हाकली. तेव्हा स्टेअरिंग माझ्या हातात होतं आणि प्रवासी पाठीमागे. या खेपेला मी प्रवासी होतो. मांडीवर टोपली, टोपलीत कबुतर आणि बाजूला चौऱ्याऐंशी वर्षांचा इंग्रज. रस्ता तोच होता, पण खिडकीतून पाहिला तर भलताच निघाला. तुम्ही कोणी असे गेले नसाल, म्हणून सांगतो.

माझं शिक्षण सातवी नापास. सून वर्षा हिंगणघाटच्या शाळेत इंग्रजी शिकवते, तिनं हे तपासलं. मी ‘मले’ लिहिलं तिथं तिनं ‘मला’ केलं. करू दिलं. पण माणसं जे बोलली त्याला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून घेतलं.

समुद्रपूर

हा इंग्रज म्हणजे हेन्री. माझा मुलगा सुधीर, वर्षाचा नवरा, नोकरीसाठी इंग्लंडात आहे, तो यांच्या घरी वरच्या खोलीत राहतो. यांना थंडीच्या दिवसात हिंदुस्थान पाहायचा होता. सुधीर म्हणाला, माझ्या बापाकडे उतरा. मला कळलं, बापाची खबर काढायला माणूस धाडला. फुला गेल्यापासून तो फोनवर रोज एकच विचारतो, “बाबा, जेवले का?” मी रोज हो म्हणतो.

फुला, म्हणजे पंचफुला, माझी बायको. तिला जाऊन वर्ष झालं. कशानं गेली ते लिहीत नाही. दवाखान्याच्या गोष्टी वाचून कोणाचं भलं होत नाही.

वर्षा दबक्या आवाजात म्हणाली, “मामाजी, त्याहिले साहेब म्हणा.”

“साहेब म्हणाचं आपल्या आज्यापाशीच संपलं,” मी म्हटलं. “मी बुवा म्हणतो. हेन्रीबुवा.”

बुवांना ते आवडलं. माणूस सहा फुटी, कानात मशीन, नाक लाल. आल्या दिवशी जयभीम शिकले आणि मग दिसेल त्याला घालत सुटले. दूधवाल्याला घातला, ट्रॅक्टरवाल्याला घातला, खांबाला बांधलेल्या बकरीलाही घातला. रोज संध्याकाळी त्यांच्या बायकोचा फोन येई, तोंड दिसणारा. बाई पहिलं वाक्य एकच बोले. वर्षानं अर्थ सांगितला, “टोपी घातली का, म्हणते.” बुवा चरफडत टोपी घालत. मी तेवढा वेळ अंगणात जाऊन काहीतरी काम करत असे.

दुसऱ्या दिवशी बुवा छतावर चढले आणि त्यांना सरपंचबाई दिसली.

फुलाला कबुतरांचा शौक होता. तिच्या माहेरी, वडनेरला, बापानंच पाळलेली. आमच्याकडे छतावर तिनं खुराडं करून घेतलं, सकाळी दार उघडायची, ज्वारी फेकायची, संध्याकाळी सगळी घरी. सरपंचबाई त्यातली सगळ्यात ठसकेबाज. पांढरी, शेपूट तेवढी काळी. दोनतीन वर्षांमागं, माहेरीच वाढून चांगली जाणती झाल्यावर फुलानं वडनेरहून टोपल्यात घालून आणली. छाती काढून चालायची म्हणून हे नाव. फुला गेली आणि पाखरं पांगली. कोणी उडून गेलं, एक मांजरानं नेलं. ही एकटी उरली तेव्हा मी खुराड्याचं दार लावलं. ते वर्षभर उघडलं नाही.

बुवा म्हणाले, वर्षानं मराठीत सांगितलं, “हिले कोंडून काऊन ठेवलं?”

“सोडली तर जाईन.”

“जाईन, अन् येईन. कबुतर घर विसरत नाई.”

“तुमाले काय मालूम?”

बुवा खाटेवर बसले. म्हणाले, “माहा जन्म एका कबुतरामुळं झाला.”

मी वर्षाकडे पाहिलं. मला वाटलं, मास्तरीण चुकली. पण तिनं बरोबर सांगितलं होतं.

बुवांचे वडील पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या आरमारात होते, वय विशीचं. आरमारात, पण बोटीवर नाही. हवेतल्या जहाजावर. म्हणजे दुधी भोपळ्याच्या आकाराची, पण आपल्या जिनिंगच्या शेडपेक्षाही लांब अशी कापडी पिशवी. आत हलकी हवा भरलेली. खाली दोरांना टांगलेला डोंग्यासारखा एक डबा, त्यात तीन माणसं एकामागं एक, आणि मागे इंजिन. कापड कशाचं? कापसाचं. दोन थर आणि मधात रबर. मी हे ऐकलं आणि अंगणातल्या कापसाच्या ढिगाकडे पाहिलं. यानं गाद्या होतात, वाती होतात हे माहीत होतं. याच्या खाली लटकून माणसं लढाईला गेली हे कोणी सांगितलं नव्हतं.

“कायले पण?” मी विचारलं. “इमान नव्हतं?”

विमान होतं, पण ते लवकर खाली यायचं. हे भोपळं दिवसभर वर राही. समुद्रात शत्रूच्या पाणबुड्या फिरत, धान्याची जहाजं बुडवत. भोपळं त्या जहाजांच्या पुढं पुढं चालायचं आणि वरून पाण्यात नजर ठेवायचं. वरून पाहणारं कोणी आहे म्हटल्यावर पाणबुडी सहसा वर येत नसे. चाल म्हणाल तर उलट वारा असला की सायकल पुढं जाईल अशी.

“अन् कबुतर?” मी विचारलं.

उत्तर आलं नाही. बुवा बसल्या बसल्या झोपले होते. ही त्यांची खोड. गोष्ट ऐन रंगात आणायची आणि डुलकी काढायची. पुढचे सगळे दिवस हेच चाललं.

हिंगणघाटहून वर्धा

बुवांना जिल्हा दाखवायचा म्हणून आम्ही तिघं निघालो. वर्षाला शाळेच्या सुट्या होत्या. प्रश्न सरपंचबाईचा होता. घर बंद, मांजर मोकळी. शेवटी मी तिला फुलाच्याच टोपलीत घातलं, वरून जाळी बांधली आणि सोबत घेतलं. सोडायचा विचार नव्हता, हे स्पष्ट लिहून ठेवतो.

हिंगणघाटहून वर्ध्याची गाडी धरली. कंडक्टर बाई होती, चाळिशीची, आवाज खणखणीत. टोपलीपाशी थांबली.

“काका, हे काय हाये?”

“कबुतर.”

“मंग याचं तिकीट?”

“पाखराचं तिकीट नसते. मी डायवर होतो, मले नको शिकवू.”

“डायवर होते म्हून तर विचारून राह्यली. कोंबड्याचं घेतो ना आमी?”

“कोंबडा विकाले नेतेत. हे विकाचं नाई.”

मागून एक बाई म्हणाली, “अवो, ते खिडकीतून उडून गेलं तर तिकिटाचे पैसे वापस देशील का?” सगळी गाडी हसली. बुवांना काय झालं ते कळलं नाही, तरी त्यांनी हात जोडून पूर्ण गाडीला जयभीम घातला. अर्ध्या गाडीनं उलट घातला, बाकीच्यांनी रामराम. कंडक्टरीण हसून हसून पुढं गेली. जाता जाता म्हणाली, “राहू द्या काका. पाव्हणी हाये म्हणा.”

ड्रायव्हर पोरगा बरा होता. फक्त उतारावर क्लच दाबून ठेवायचा. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा वर्षानं माझा दंड धरला.

दोन्ही बाजूंना तूर उभी होती, पिवळी झालेली. मध्ये मध्ये कापूस, बाया कंबरेला ओटी बांधून वेचत होत्या. बुवा खिडकीला नाक लावून पाहत होते. मी म्हटलं, पुढचं सांगा.

भोपळं वर सोडायचं म्हणजे तमाशाच असे. पन्नास-साठ माणसं दोर धरून त्याला मैदानात आणायची. वारा आला की माणसं फरफटायची. पाखरांची टोपली डब्यात ठेवत, कारण बिनतारी यंत्राचा भरवसा नव्हता. वर थंडी अशी की डबल मोजे घालूनही पाय लाकूड व्हायचे. खायला उकडलेली अंडी आणि पाव. लघवीचं विचारलं तर बुवा म्हणाले, वडिलांनी ते कधी सांगितलं नाही, पण बाटल्या पुष्कळ नेत असं आई म्हणायची. वर्षानं हे वाक्य सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले.

आणि मग त्यांनी सांगितलं की ते इंजिन मधातच बंद पडायचं. बंद पडलं की पायलट किंवा इंजिनवाला डब्याच्या बाहेर निघायचा, बाजूच्या पट्टीवर उभं राहायचा आणि हातानं फिरवून चालू करायचा.

“खाली समुद्र?”

“समुद्र.”

“अन् हा बाहेर लटकून हँडल मारून राह्यला?”

“हो.”

मी नवा होतो तेव्हा हँडल मारून चालू करायच्या गाड्या होत्या. झटका उलटा बसला की मनगट जायचं. माझं एकदा गेलं आहे. मी बुवांना मनगटावरची गाठ दाखवली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि वर्षाला काहीतरी सांगितलं.

“ते म्हणते, त्यायच्या वडिलाले पण अशीच होती. याच हाताले.”

त्या माणसाशी माझी ओळख झाली असं मला तेव्हा वाटलं. मेलेला, इंग्रज, आरमारातला. पण हँडलवाला.

वर्धा

वर्ध्याला वर्षाच्या मावशीकडे उतरलो. गोरा माणूस वर्ध्याला आला की सेवाग्रामला जातो, तसे बुवाही गेले. झाडाखाली बसले, गोरसपाक म्हणजे वर्ध्याचं गोड बिस्कीट खाल्लं, दोन पुडे बायकोसाठी बांधून घेतले.

खाण्याचं सांगायचं तर आम्हाला भीती होती की तिखटानं माणूस आडवा होईल. सकाळी तर्री-पोहे दिले. बुवांनी तर्री पुन्हा मागितली. मावशीनं पाटोडीचा रस्सा केला, तो तर वाटीला तोंड लावून प्याले. घाम पुसत म्हणाले, आमच्याकडं हिवाळ्यात हेच पाहिजे. माणूस हरला तो चहाला. आमचा चहा पाहून त्यांचा चेहरा असा झाला की जणू कोणी गेलं. साखर आणि दूध वरून घ्यायचं, उकळायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मावशीनं मनावर घेतलं. तिनं एका कपात नुसतं काळं पाणी दिलं, बाजूला थंड दूध, बाजूला साखर. बुवांनी हातानं जमवला आणि डोळे मिटून प्याले.

मावशी मला म्हणाली, “भाऊ, याहिले पाहून घ्या. आपल्या हातानं चहा घेणारा माणूस मी पयल्यांदाच पाहून राह्यली.”

मी म्हटलं, “मी वर्षभरापासून घेऊन राह्यलो.” तिनं न विचारता माझ्या कपात पुन्हा चहा ओतला. मला तसं बोलायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून.

दुपारी ओट्यावर ऊन खात बसलो. सरपंचबाई टोपलीत घुमत होती. बुवांनी पुढचा तुकडा दिला.

एका दिवशी इंजिन बंद पडलं ते चालूच झालं नाही. वडील बाहेर निघाले, हँडल मारून मारून हात सोलले. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे. भोपळं हळूहळू खोल समुद्राकडे चाललं. बिनतारी यंत्र ओलं होऊन मेलेलं. भोपळं खाली उतरू नये म्हणून त्यांनी वजन फेकलं. रेती फेकली, बॉम्ब फेकले, शेवटी बूटसुद्धा. समोरून धुकं येत होतं. टोपलीत दोन कबुतरं. वडिलांनी दोन चिठ्ठ्यांवर लिहिलं की इंजिन मेलं आहे, वाऱ्यावर चाललो, अमुक दिशेला. पाखरांच्या पायाला बांधल्या. पहिलं सोडलं तर ते दोरावर जाऊन बसलं आणि हलेचना. तिघं ओरडले, हुसकलं, पण नाही. दुसरं सोडलं. त्यानं एक चक्कर मारली, दुसरी मारली आणि धुक्यात शिरलं.

“मंग?”

बुवांची मान छातीवर.

“अवो बुवा! मंग? घरी गेलं का?”

वर्षा म्हणाली, “मामाजी, झोपू द्या. अन् बुवा बसले हायेत म्हंजे वडील वाचलेच ना त्यायचे.”

“बाप वाचला हे मलेही समजते,” मी म्हटलं. “मी पाखराचं विचारून राह्यलो.”

केळझर

केळझर नागपूरच्या रस्त्यावर आहे. टेकडीवर गणपती, लांबलांबून माणसं येतात. मी बौद्ध आहे, गणपतीला काही मागायला जात नाही. पण फुला दरवर्षी एकदा वर चढायची, म्हणायची टेकडीवरून हवा चांगली लागते. मी ड्युटीवर असलो की गाडी खाली उभी राहायची तेवढ्यात ती अर्धी टेकडी चढून, खाली पाहून, हात हलवून परत यायची. प्रवासी ओरडायचे. मी हॉर्न द्यायचो. ती आपल्या चालीनं उतरायची.

पायथ्याशी फुलं विकणारी म्हातारी होती. बुवांनी तिला जयभीम घातला. ती दचकली, मग हसली. “जयभीम बाप्पा, जयभीम! हार घ्याचा का?” बुवांनी झेंडूचा हार घेतला आणि स्वतःच्याच गळ्यात घातला. खालून वरपर्यंत सगळे पाहत होते की हा कोणत्या पक्षाचा पुढारी आला.

वर चढून बसलो. थंड वारा होता. खाली शेतं, डांबरी रस्ता, लांब धुरकट झाडं. बुवा धापा टाकत होते. ते काही म्हणाले नाहीत. टोपलीकडे पाहिलंही नाही. बोलले असते तर मी उलट बोललो असतो आणि विषय संपला असता.

वर्षाच बोलली. “मामाजी, आई रोज सोडत होत्या.”

“मालूम हाये.”

“रोज येत होती.”

“तेव्हा तुही आई होती ना घरी.”

 सरपंचबाई जाळीतून चोच बाहेर काढून वारा घेत होती, मान इकडून तिकडे. वर्षभरात तिला असं मी पाहिलं नव्हतं. खुराड्यात ती छाती काढून चालायची सोडून कोपऱ्यात बसायला लागली होती. मी ज्वारी टाकायचो, पाणी बदलायचो, त्या कोपऱ्याकडे पाहायचं टाळायचो.

मी गाठ सोडली. बोटांनी सुटेना, म्हणून दातानं सोडली. तिला दोन्ही हातांत धरलं. पोट गरम, आत काळीज धडधड. बुवा उठून उभे राहिले आणि टोपी काढली.

सोडली.

एक चक्कर मारली. दुसरी मारली, मोठी. पंखाचा आवाज आमच्या डोक्यावरून गेला. मग ती सरळ दक्षिणेकडे निघाली, समुद्रपूर तिकडंच. पांढरा ठिपका झाला, मग तोही नाही. आम्ही तिघं मान वर करून तसेच उभे होतो. फुलवाल्या म्हातारीनं खालून ओरडून विचारलं, “काय दिसून राह्यलं वो?”

पुन्हा समुद्रपूर

घरी पोचलो तर मी चपलेसकट जिना चढलो. खुराडं उघडं, ज्वारी तशीच. सरपंचबाई नाही.

वर्षा म्हणाली थकली असेल, कुठंतरी बसली असेल. बुवा म्हणाले, थांबा. मी थांबलो. त्या दिवशी नाही आली. दुसऱ्या दिवशीही नाही. मी छतावरच खाट टाकली आणि तिथंच बसून राहिलो. ससाणा दिसला की दगड उचलायचो. फोन वाजत होता, शालिकचा. शालिक म्हणजे फुलाचा धाकटा भाऊ, वडनेरला राहतो. वर्षभर त्याचे फोन येतात आणि मी ते घेत नाही. भांडण काही नाही. त्याचं नाक थेट फुलाचं आहे आणि बोलताना शब्द ओढायची लकबही तीच. ती गेल्यावर वडनेरला मी पाय ठेवलेला नाही. सासुरवाडी बायकोमुळं असते, बायको नाही तर तिथं कोणत्या तोंडानं जायचं? त्या दोन दिवसांत त्याचा फोन चार-पाचदा आला. मी कापला.

संध्याकाळी बुवा चहा घेऊन वर आले. आमचा, उकळलेला. स्वतः केला होता. मी त्यांच्यावर फुटलो.

“तुमच्या बापाचं कबुतर, तुमच्या बापाचं भोपळं! माह्या बायकोची एक वस्तू उरली होती घरात. चालती, बोलती. तीही तुमी उडवून देली. आता काय ठेवू त्या खुराड्यात? माहं डोस्कं?”

वर्षा जिन्यात उभी होती. तिनं सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण बुवांना समजलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि उरलेली गोष्ट सांगितली. या वेळी झोपले नाहीत.

ते पाखरू छावणीत आलंच नाही. छावणीतली सगळी माणसं कबुतरखान्याकडे डोळे लावून बसली. अंधार पडायला आला तरी नाही. त्यांनी तिघांची आशा सोडली. पण ते पाखरू आरमाराचं नव्हतंच. लढाईसाठी लोकांनी आपापली कबुतरं आरमाराला दिली होती. हे होतं किनाऱ्यावरच्या गावातल्या एका पाववाल्याचं. पावाच्या भट्टीमागं त्याची जुनी पेटी होती, तिथं ते वाढलं. पाखरू धुक्यातून निघालं ते थेट त्या भट्टीमागं जाऊन बसलं. पाववाल्याच्या बायकोला पीठ चाळताना ओळखीचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर पायाला चिठ्ठी. ती पिठाच्या हातानं सायकलवर बसली आणि बंदरावर गेली. मासे धरणारी बोट निघाली. भोपळ्याचं अर्धं कापड पाण्यात बुडालं होतं आणि तिघं त्याला धरून होते.

“वडील म्हणत,” वर्षानं शेवटचं सांगितलं, “पाखरू चुकलं नव्हतं. आमी साऱ्यायनं चुकीच्या छपराकडं पाह्यलं.”

 मी खिशातला फोन काढला. शालिकचं नाव वरच होतं, लाल अक्षरात, खाली खाली पाच वेळा. लावला नाही. काय बोलणार होतो?

“वर्षा,” मी म्हटलं, “माहं धुतलेलं धोतर कुठं हाये? सकाळी वडनेरले जातो.”

वडनेर

वर्षाची शाळा सुरू झाली होती, म्हणून मी आणि बुवा दोघंच निघालो. दुभाषी नाही. तरी रस्ताभर बोलत होतो. ते इंग्रजीत, मी वऱ्हाडीत. कोणाचंच अडलं नाही. मांडीवर रिकामी टोपली होती.

शालिकच्या घराचं फाटक उघडायच्या आधीच मी छपराकडे पाहिलं. कवेलूवर नाही. तारेवर नाही. मग पाहिलं, मागच्या मातीच्या भिंतीत सासऱ्यानं केलेले जुने कोनाडे आहेत, त्यातल्या मधल्या कोनाड्यात पांढरी छाती. छाती काढून बसली होती.

शालिक बाहेर आला. “भाऊजी! दोन दिवसापासून फोन करून राह्यलो, उचलत काऊन नाई तुमी? फुलाबाईचं कबुतर आलं ना! मले वाटलं तुमचं काही बरंवाईट झालं. आज मीच येणार होतो समुद्रपूरले.”

तेच नाक. तसंच शब्द ओढणं. मी पाहिलं त्याच्याकडे. वर्षभर ज्याला भीत होतो ते इतकंच होतं. पाहता येत होतं.

“घ्याले आलो,” मी म्हटलं. 

आतून त्याची बायको मंदा आली, हात पिठाचे. “बसा आधी! आल्याबरोबर नेता का? असं कोणी नेते का लेकीले? चार दिवस राहू द्या तिले. आताच तर आली बिचारी.”

हे वाक्य मी ऐकलेलं आहे. लग्नानंतर पंचवीस-तीस वर्षं ऐकलं, तेव्हा सासू म्हणायची. फुलाला आणायला गेलो की आधी पाणी, मग चहा, मग जेवण, मग ‘उद्या पाठवतो’. मी चिडून ओट्यावर बसायचो, ड्युटी आहे म्हणायचो. शेवटी फुला यायची, माझ्याकडे न पाहता विचारायची, “गाडी किती वाजता हाये?”

बुवांनी मंदाला जयभीम घातला. मंदानं घातला आणि विचारलं, “हे कोण हो?”

“हे? याहिनंच सोडली तिले.”

जेवायला भरीत-भाकर होती. बुवा तीन भाकरी जेवले. शालिक मधूनमधून बहिणीच्या लहानपणच्या गोष्टी काढत होता. आंब्यावरून पडली ते, शाळेतून पळून आली ते. मी ऐकत होतो. मला त्यातल्या कितीतरी माहीत नव्हत्या. एवढी वर्षं सोबत राहून माझ्याकडे नसलेली फुला इथं पडली होती, न मागता मिळत होती.

जेवण झाल्यावर ज्वारी घेऊन मी मागच्या भिंतीपाशी गेलो. हात पुढे केला. सरपंचबाईनं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं, मान वळवली आणि कोनाड्यात पाठ करून बसली. मला हसू आलं. अगदी तशीच.

ज्वारी कोनाड्याच्या कडेला ठेवली.

परतीच्या गाडीत तीच कंडक्टरीण होती. बुवा खिडकीला डोकं टेकून घोरत होते, गळ्यात मंदानं दिलेला टॉवेल. तिनं माझ्या मांडीवरच्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज जरा खाली आणून म्हणाली, “काका, पाव्हणी कुठं गेली?”

“माहेरी हाये,” मी म्हटलं. “रविवारी आणाले जातो.”

“येईन का?”

“ते तिच्या मनावर हाये. पण मले जावं तर लागन.”

तिनं घंटी मारली आणि पुढं गेली.